कुठं उतरलास?

माझ्या चुलतसासऱ्यांनी आयुष्यात कोणाला फुकट बसू दिलं नाही, आणि निवृत्त झाल्यापासून कोणाला फुकट बोलू दिलेलं नाही. तेहतीस वर्षं ते एसटीच्या लाल गाडीवर कंडक्टर होते. मुरुडपासून शिरूर अनंतपाळपर्यंत एकही फाटा असा नसेल जिथे त्यांना 'ओ मास्तर' म्हणून कोणी हाक मारत नाही. कंडक्टरला मास्तर म्हणायची आपल्याकडे पद्धतच आहे, पण काकांनी ती जरा जास्तच मनावर घेतली. निवृत्तीनंतर लोक देवदेव करतात, गुडघ्यांना तेल चोळतात. काकांनी औशातल्या घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये पोरांसाठी वाचनालय काढलं. भंगारातून गाडीची चार बाकडी आणली, वर आडवा दांडा बसवला, दांड्यावरून दोरी सोडली आणि दोरीला घंटी बांधली. रविवारी सकाळी नऊला पोरं आत शिरली की काका तिकिटाला भोक पाडायचा जुना चिमटा दांड्यावर टकटक वाजवतात आणि 'चला, पुढं सरका, पुढं सरका' म्हणतात. पुढे भिंत आहे, तरी पोरं सरकतात.

नियम एकच. आठवड्यात वाचलेल्या पुस्तकाबद्दल प्रत्येकाने उभं राहून बोलायचं. पुस्तक आवडलं का, असं काका चुकूनही विचारत नाहीत. ते विचारतात, "कुठं उतरलास?" म्हणजे कितव्या पानावर सोडलंस. त्यांचं म्हणणं असं की पुस्तक म्हणजे गाडी. कंटाळा आला तिथे उतरावं, त्यात लाज कसली? पण उतरलास कुठे ते खरं सांगावं. एकदा एका गुरुजींचा मुलगा हाताची घडी घालून उभा राहिला आणि 'या पुस्तकातून आपणास सत्य बोलण्याचा बोध मिळतो' असं सुरू झाला. काकांनी एक घंटी मारली. एक घंटी म्हणजे थांब. पोरगं थांबलं आणि इकडे तिकडे बघत म्हणालं, "न्हाई वाचलं. पप्पांनी लिहून दिलं." काकांनी लगेच दोन घंट्या मारल्या. दोन घंट्या म्हणजे चल. त्या दिवसापासून 'बोध' हा शब्द त्या शेडमध्ये कोणी उच्चारत नाही. बाकी सगळी रीत गाडीचीच. हवं असलेलं पुस्तक दुसऱ्याने नेलं असेल तर फळीवरच्या त्याच्या रिकाम्या जागेवर रुमाल टाकून नंबर धरायचा, त्यावरून भांडायचं, आणि जो शेवटच्या पानापर्यंत गेला त्याला पुढच्या रविवारी खिडकीची जागा. त्या खिडकीतून दिसतं काय, तर समोरच्या घराची मोरी, पण पोरं तिच्यासाठी जीव टाकतात.

चौथीतल्या वैष्णवीला मात्र ती जागा कधीच मिळाली नव्हती. वेणीला दोन रंगांच्या रिबिनी बांधणारी ही एवढीशी पोरगी सगळ्या औशातली कडक टीकाकार असावी. ती दुसऱ्या पानावर उतरते, चौथ्यावर उतरते, एकदा तर मुखपृष्ठावरच उतरली होती, कारण चित्रातल्या वाघाच्या पायाला सहा बोटं होती. काका तिला हाफ तिकीट म्हणतात आणि मनातून तिला टरकून असतात. त्यामागे एक कारण आहे, आणि ते त्या शेडमध्ये फक्त काकांना आणि मला ठाऊक होतं.

कारण असं की काकांनी स्वतःच एक पुस्तक लिहिलं आहे. 'विनातिकीट शेळी', पानं शहाण्णव. लातूरच्या एका छापखान्यात ते नेऊन देण्याचं काम माझ्याकडे होतं. छापून आल्यावर काकांनी पहिली प्रत मला दिली आणि आठवड्याने विचारलं, "जावईबापू, कसं वाटलं?" मी म्हणालो, दोनदा वाचलं काका, फार छान. सासरच्या पुस्तकाबद्दल जावयाने दुसरं काय म्हणायचं असतं? खरं सांगायचं तर मी अकराव्या पानावर होतो. आधी प्रस्तावना, मग आभार (त्यात 'आमचे विद्वान जावई' म्हणून माझंही नाव), मग प्रवाशांना सूचना, आणि मग औसा डेपोवरचा सूर्योदय. हा सूर्योदय चार पानं चालतो आणि तरी सूर्य वर येत नाही. शेळी गाडीत चढते ती सत्ताविसाव्या पानावर. तेवढा दम माझ्यात नव्हता.

काकांनी ते पुस्तक वाचनालयात ठेवलं, पण आपल्या नावावर कागद चिकटवून. नाव दिसलं तर पोरं भिडेपोटी खोटं बोलतील, ही भीती. पहिल्याच रविवारी एक पोरगा म्हणाला, "अकरावर उतरलो मास्तर. दिवसच उगवून न्हाई राहिला." काकांनी न चुकता दोन घंट्या मारल्या, आणि संध्याकाळी ब्लेड घेऊन बसले. पहिली अकरा पानं कापली. माझे आभारही त्यातच गेले. पुढच्या महिन्यात कोणी एकोणीसवर उतरलं; तीही पानं गेली. "पब्लिक जिथं उतरून राहिलं तो थांबाच नको," हे त्यांचं तत्त्व. बरं, एकाच प्रतीवर भागत नव्हतं. घरात उरलेल्या सगळ्या प्रती एका मापाच्या व्हायला पाहिजेत, म्हणून पेटी उघडून एकेक प्रत भादरली जायची. काकू म्हणायच्या, पोरं यांचं पुस्तक मुंडून राहिलीत. शेवटी एकाने नुसतं मागून चाळून सांगितलं की अखेरच्या पानांत 'ते' आहे, म्हणजे बोध, तेव्हा काकांनी मागची वीस पानं एका झटक्यात काढली, आणि मग त्यांच्या अलीकडचीही अशीच हळूहळू गेली. कापलेली पानं कोपऱ्यावरच्या भजीवाल्याकडे जायची. मी स्वतः त्यातल्या एका पानावर मिरचीभजी खाल्ली आहेत. पानही वाचायला हवं होतं, असं आता वाटतं.

दोन वर्षांत शहाण्णवाची चौदा पानं उरली. पहिल्याच ओळीत शेळीचे पुढचे दोन पाय गाडीच्या पायरीवर, आणि शेवटच्या ओळीत गाडी चहाला थांबलेली असताना शेळी उतरून बाभळीचा पाला खाते आहे, घंटी वाजली आहे आणि गाडी निघाली आहे. एवढंच. काका दर वेळी मला हळूच विचारायचे, आता तरी कोणी शेवटपर्यंत जाईल ना? त्यांच्या आवाजात तेव्हा मास्तर नसायचा.

गेल्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी औशातच होतो. वैष्णवी उभी राहिली, हातात ती चौदा पानं. काकांनी विचारलं, कुठं उतरलीस.

"उतरलेच न्हाई," ती म्हणाली. "गाडीच संपली. शेळी तिथंच हाय बाभळीपाशी. पुढची पानं कुठं हायत?"

दोन वर्षं माणूस ज्या प्रश्नाची वाट बघत होता तो आला, आणि उत्तर भज्यांबरोबर गावभर वाटून झालेलं होतं. काकांचा चेहरा एकाच वेळी उजळला आणि पडला. असा चेहरा मी पुन्हा पाहिलेला नाही. ते घाईने सांगायला लागले, अगं, पुढं असं झालं की... तेवढ्यात वैष्णवीने बाकड्यावर चढून दोरी ओढली. एक घंटी.

"सांगू नका. मला वाचायचंय."

काकांनी माझ्याकडे बोट केलं. काळजी नको, जावईबापूंकडं अख्खी प्रत आहे, त्यांनी दोनदा वाचली आहे, असं त्यांनी अभिमानाने सांगितलं. पोरगी माझ्यापुढे येऊन उभी राहिली. बाकीचं सांगू नका म्हणाली, पण शेळी घरी पोचते का, नुसतं हाव की न्हाई, एवढं सांगा. आठवडाभर दम निघायचा नाही.

हाव म्हणून मोकळं व्हावं, असं मनात आलं. शेळ्या पोचतातच बहुतेक. पण काका दोरी धरून उभे होते, आणि वीस-पंचवीस पोरं माझ्याकडे बघत होती, जी दर रविवारी खरं बोलत आली होती.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "मी अकराव्या पानावर उतरलो. काका, तुमच्याशी तेव्हा खोटं बोललो."

काकांनी नजर जमिनीकडे वळवली. "दिवस उगवायच्या आत?" त्यांनी विचारलं. आत, मी म्हणालो. त्यांनी दोन घंट्या मारल्या. नियम तो नियम. पण नेहमीसारख्या जोरात नाही, आणि मला फार वाईट वाटलं.

त्याच दुपारी लातूरला घरी येऊन कपाटावरून प्रत काढली आणि शहाण्णव पानं एका बैठकीत वाचली. दुसऱ्या दिवशी औशाची गाडी धरून ती वैष्णवीच्या हातात दिली. तिने तीन दिवसांत संपवली, आणि रविवारी मी गेलो तेव्हा ती खिडकीच्या जागेवर बसलेली होती, मोरीकडे बघत. फळीवर पुस्तकाच्या जागी पाच रुमाल पडले होते. मी बोलण्यासाठी पोरांच्या रांगेत नंबर लावला.

माझी पाळी आली तेव्हा पाचही रुमालवाले शेवट सांगू नका म्हणून ओरडले. म्हणून एवढंच म्हणालो की सूर्योदय फार लांबला आहे, सूचना नसत्या तरी चाललं असतं, आणि शेवटून तिसऱ्या पानावर मला रडू आलं. त्या पानावरचा कंडक्टर काय करतो ते इथेही सांगत नाही. पण तेहतीस वर्षांत किती जण धावत आले असतील आणि गाडी पुढे गेली असेल, आणि तो हिशेब या माणसाने मनात कसा जपला असेल, ते मला तिथे कळलं. इतकी वर्षं मी त्यांच्या पंगतीला जेवलो होतो.

"कुठं उतरलात, जावईबापू?" काकांनी विचारलं.

"शेवटच्या थांब्यावर."

काकांचा हात दोरीवर होता, पण ती ओढायची त्यांना आठवण राहिली नाही. खिडकीपाशी बसलेली वैष्णवी उठली, बाकड्यावर चढली आणि तिनेच दोन घंट्या मारल्या.