आण्णांचे आठ भोवरे

आम्ही मुलगी बघायला टेंभुर्णीला गेलो होतो, पण त्या दिवशी बघून घेतलं गेलं ते मला. पोहे संपले, चहा आला आणि मुलीचे वडील उठून माझ्या मागे येऊन उभे राहिले. मला वाटलं, पंख्याचं बटण तिकडे असेल. तेवढ्यात त्यांनी माझं डोकं दोन्ही हातांत धरून खाली वाकवलं आणि केस बोटांनी बाजूला केले. "एकच हाय," स्वयंपाकघराकडे तोंड करून त्यांनी जाहीर केलं. "बराबर मधोमध. पावणे चालतेत." डोक्यावर दोन भोवरे असले की माणसाची दोन लग्नं होतात, अशी आमच्याकडे समजूत आहे. माझं शिक्षण, शाळेतली नोकरी, जालन्यातलं घर, यांतलं काहीएक त्यांनी विचारलं नाही. परतताना आई म्हणाली, "स्थळ चांगलं आहे, पण तुझा सासरा जरा तसाच दिसतो." ते 'तसाच' म्हणजे काय, ते मला पुढे सावकाश कळत गेलं.

हे माझे सासरे, आण्णा. त्यांच्या वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती. मग ती विकून शेत घेतलं. याला कोणीही भरभराटच म्हणेल, पण आण्णांना ते कायम सलत राहिलं. "आमच्या बापानं एका मेंढ्यापासून कळप उभा केल्ता," ते म्हणत. "लोक लांबून वळखायचे, हे ह्यांचं मेंढरू म्हनून. मी काय उभं केलं? कपाशी!" मेंढरं गेली तरी जनावराची पारख राहिली होती. बैल घ्यायचा तर लोक त्यांना सोबत नेत. आण्णा बैलाच्या अंगावरचे भोवरे बघत. अमुक जागचा भोवरा चालेल, पाठीवरचा वाईट, कमरेवरचा तर धन्याला खाणारा. शेजाऱ्यानं हौसेनं आणलेला देखणा खोंड त्यांनी अशाच एका भोवऱ्यापायी परत करायला लावला होता, आणि तो शेजारी पुढे कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलत नव्हता.

असा हा माणूस गिनीपिगच्या नादाला लागला, ते आमच्या घरामुळे. माझ्या मुलीला वाढदिवसाला कोणी तरी गिनीपिगची जोडी दिली. पाहता पाहता जोडीचं खटलं झालं. घरभर वास, आणि भाजीची पिशवी नुसती वाजली की सगळ्यांच्या शिट्ट्या सुरू. शेवटी माझ्या बायकोनं, वंदनानं, सगळा बारदाना माहेरी पाठवून दिला. मी सुटकेचा निःश्वास टाकला. तो फार लवकर टाकला.

त्यातल्या एका पिल्लाच्या अंगावर भोवरे निघाले. आण्णांचा जीव घाबरा झाला. वंदनानं त्यांची समजूत घालायला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. परदेशात अशा भोवऱ्यांच्या गिनीपिगची खास जात जपतात. अंगावर आठ भोवरे लागतात, चार पाठीच्या पट्ट्यात आणि चार कमरेकडे, सगळे गोल आणि एका रेषेत. प्रदर्शनात परीक्षक ते मोजून पाहतात. आण्णांनी व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला.

"म्हंजी भोवरा असला त पास करतेत?"

"हो आण्णा."

"मी जिंदगीभर भोवरा पाहून जनावर नापास केलं, अन् हे लोक भोवरे पाडून राह्यले!" मग ते माझ्याकडे वळले. "पावणे, आपल्या हातानं एक जात उभी करायची. जानकार मानसानं हात लावून म्हनलं पायजे, हा हाय जातिवंत. मंग डोळे मिटले तरी चालतंय."

'आपल्या हातानं' यात माझेही हात धरले आहेत, हे मला मागाहून कळलं. माझे रविवार गेले. नवं रक्त पाहिजे म्हणून नर कुठून तरी मीच आणायचा. एकदा बुटाच्या खोक्यात नर घेऊन एसटीत बसलो होतो आणि तो सारखा शिट्ट्या मारत होता. कंडक्टरनं दोनदा माझ्याकडे वळून पाहिलं. तिसऱ्यांदा म्हणाला, "गुरुजी, ह्या वयात शोभतं का?" सासुरवाडीला मुक्कामाला गेलो तर सकाळी माझा दातांचा ब्रश जागेवर नव्हता. आण्णा अंगणात बसून त्यानं सरदारचे केस भोवऱ्याभोवती फिरवत होते. सरदार हा त्यांचा लाडका नर, तांबूस-काळा, अंगानं राठ. मी वैतागलो तर म्हणाले, "ब्रश दुसरा भेटतो, पावणे. सरदार भेटतो का?"

वर्गात असताना फोन येई. "बसला!"

"काय बसलं, आण्णा?"

"भोवरा! उजव्या कमरंचा बराबर बसला. डावा मातर उलीसा खाली घसरला."

तो डाव्या कमरेचा भोवरा काही केल्या जागेवर येईना. वेतामागून वेत झालं, पिल्लं झाली, पण डावा भोवरा खालीच. आण्णा सगळ्या घराला ते ऐकवत. सासूबाई त्या प्राण्यांना उंदरंच म्हणत आणि बोटसुद्धा लावत नसत. "मानसाच्या वरनाला कोथमीर न्हाई अन् उंदरांला जुडी," हे त्यांचं रोजचं पालुपद होतं.

शेवटी जत्रेतलं जनावरांचं प्रदर्शन आलं. आण्णांनी धोतर-सदरा इस्तरी करून घेतला. गिनीपिगला गट नव्हता, म्हणून सरदारला कोंबड्यांच्या शेजारी मांडलं. परीक्षक एक म्हातारे बैलवाले होते. त्यांनी सरदारला उलटंपालटं केलं, केसांवर फुंकर मारली आणि चटका बसावा तसा हात मागे घेतला.

"पाठीवर भोवरा? कमरंवर भोवरा? आवो, किती हायेत हे?"

"आठ," आण्णा छाती काढून म्हणाले.

"अन् घरात ठिवलं? धन्याला खाईल हे! तुमाला सांगायचं का आमी? तुमीच त लोकांचे बैल परत करायला लावता!"

आजूबाजूला हशा पिकला. परत करायला लावलेल्या खोंडाचा मालक तर पोट धरून हसत होता. तो माणूस आण्णांचंच बोलणं आण्णांना ऐकवत होता. घरी येईपर्यंत ते खोकं मांडीवर धरून बसले होते. मला त्यांचा फार राग यायचा, पण त्या दिवशी मला त्या हसणाऱ्यांचा जास्त राग आला.

म्हणून मीच संभाजीनगरचं पाळीव प्राण्यांचं प्रदर्शन शोधून काढलं. तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई परीक्षक होत्या. त्यांनी सरदारला मऊ कापडावर ठेवलं, एकेका भोवऱ्यावर बोट टेकवलं आणि म्हणाल्या, "काका, जनावर छान सांभाळलंय. सात भोवरे अगदी जागेवर आहेत. डाव्या कमरेचा मात्र खाली आलाय." बक्षीस दुसऱ्याच कुणाला गेलं. आता आण्णा भांडणार म्हणून मी डोळे मिटून घेतले. उघडले तर ते बाईंना हात जोडत होते.

परतीच्या गाडीत त्यांच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "पाह्यलं का पावणे? बाईनं खोड काढली, पन बराबर तीच काढली!"

"आण्णा, आपण हरलो."

"बिलकुल न्हाई! जात हाय म्हनून खोड दिसली. उंदराची खोड कोन काढतं?"

डावा भोवरा जागेवर बसलेला त्यांना पाहायला मिळाला नाही. या हिवाळ्यात छातीत दुखायचं निमित्त झालं आणि आण्णा गेले. तेराव्याला भावकी जमली आणि अंगणातल्या पिंजऱ्यांकडे बोटं दाखवू लागली. जत्रेतलं ते बोलणं कोणीच विसरलेलं नव्हतं. "आठ भोवऱ्यांनी धनी खाल्ला. आजच्या आज नेऊन सोडा कुठं तरी." मी समजावून थकलो. शेवटी सगळे सासूबाईंकडे पाहू लागले. घर आता त्यांचं होतं, आणि त्यांना ही उंदरं कधीच नको होती.

सासूबाई उठल्या. पिंजऱ्याचं दार उघडून त्यांनी सरदारचं आठवड्यापूर्वीचं पिल्लू ओंजळीत घेतलं. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा त्यांना गिनीपिगला हात लावताना पाहत होतो. पदरानं डोळे पुसून त्या उजेडाकडे वळल्या, पाठीवर बोट फिरवलं, मग कमरेवर.

"डावा अजून उलीसा खालीच हाय," त्या म्हणाल्या. "अजून एक वेत लागंल."

त्यांनी पिल्लू आईजवळ सोडलं, दार नीट लावलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"जावईबापू, नवा नर कुठून आनायचा ते पाहा. अन् जल्दी पाहा."