दुसऱ्याचा वाटा

आक्का बिघडलेला भाग उजव्या तळहातावर घ्यायच्या, लाडू नीट वळला गेलाय का हे बघावं तसा चारी बाजूंनी फिरवायच्या आणि मान वर न करता म्हणायच्या, "आधी माझा वाटा सांगते."

मग सांगायच्या. कधी दोन वाक्यांत, कधी चहा निवेपर्यंत. एकदा एका वाकड्या नळीबद्दल बोलता बोलता त्यांनी सांगितलं, की त्या दिवशी सकाळी सुनेशी वाजलं होतं, डोकं जागेवर नव्हतं, म्हणून मशीनचं दार लावताना रबरी पट्टीवरची धूळ पुसायची राहिली. "त्या पोरीचा काय दोष न्हाय त्यात. भाजीत मीठ म्याच दोनदा घातलं व्हतं," असंही वर सांगून टाकलं. आम्ही हसलो, त्याही हसल्या. पण त्यानंतर ती पट्टी पुसल्याशिवाय कुणी दार लावलं नाही.

त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. सगळे आक्का म्हणत, मीही म्हणायचो. मी वयानं त्यांच्याहून थोडा लहान आणि हुद्द्यानं वरचा होतो.

आमचा कारखाना धाराशिवच्या एमआयडीसीत, अगदी शेवटच्या रस्त्याला. तिथं धातूचे भाग छापले जातात. थ्रीडी प्रिंटिंग तुम्ही कुठंतरी प्लास्टिकच्या खेळण्यांचं पाहिलं असेल. हे त्याचंच मोठं, महागडं भावंड. मैद्याइतकी बारीक धातूची पावडर थरावर थर पसरायची, प्रत्येक थर लेसरनं हवा तेवढाच वितळवायचा. दीड-दोन दिवसांनी पावडर झाडली, की आतून पंपाचा पंखा निघतो, नाहीतर एखादी झडप. आक्का बेंबळीच्या. त्या छपाईच्या कारखान्यात लागल्याचं कळल्यावर भावकीतला एकजण लग्नपत्रिकेचा मजकूर घेऊन थेट गेटवर आला होता. आक्कांनी त्याला चहा पाजला, मजकुरातल्या दोन चुका नीट करून दिल्या आणि गावातल्या छापखान्याचा पत्ता सांगितला.

त्या डिप्लोमा झालेल्या होत्या, पुण्याकडं बरीच वर्षं नोकरी करून सासऱ्यांच्या आजारपणात परत आलेल्या. फार हुशार होत्या असं मी म्हणणार नाही. कॉम्प्युटरवर त्यांचं आणि माऊसचं कधी जमलं नाही. बोलायला लागल्या की थांबत नसत. पण एक गोष्ट त्यांना आम्हा सगळ्यांच्या आधी कळली होती.

आमची माणसं लेथवरून, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावरून आलेली, मीही तिथलाच. लेथवर भाग बिघडला की कामगार तो गुपचूप कंपाउंडमागच्या बाभळीत फेकतो, कारण सापडला तर अर्धा रोज कापला जातो. तिथं ते खपूनही जातं. चूक बाहेरून दिसते, मोजपट्टी लावली की कळते. छापलेल्या भागाची चूक पोटात असते. वरून तो चकचकीत, आणि मधल्या कुठल्यातरी थरात काय झालं ते त्या वेळी मशीनपाशी उभ्या असलेल्या माणसालाच ठाऊक. तो बोलला नाही, तर कुणाच्या बापालाही कळत नाही. आक्का म्हणायच्या, "सर, हितं मशीन नंतर, आधी माणसं बोलती करा."

आणि त्यांनी केली. दर शनिवारी दुपारच्या चहाला, पावडर चाळायच्या खोलीबाहेरच्या पत्र्याखाली, घरून आणलेल्या स्टीलच्या परातीत आठवड्याचे सगळे बिघडलेले भाग मांडून त्या बसायच्या. नियम एकच. ज्यानं त्यानं आपला वाटा सांगायचा, दुसऱ्याचा सांगायचा नाही.

पहिल्या शनिवारी दत्तानं नाक मुरडलं. दत्ता तामलवाडीचा, आमचा सगळ्यात जुना ऑपरेटर; पक्या त्याच्या हाताखालचा पोरगा. "आक्का, ही काय कीर्तनाची बैठक हाय व्हय?"

"कीर्तनात दुसऱ्याच्या चुका सांगत्यात. हितं आपल्या सांगायच्या."

"माझी चूक येवढीच, की म्या पक्यावर इस्वास ठिवला."

"त्यो पक्याचा वाटा झाला, दत्ता. तुझा सांग. चहा निवायलाय."

दत्तानं कपाळाला हात लावला आणि शेवटी सांगितलं, की सकाळी मशीनची घंटी वाजली तेव्हा तो बाहेर तंबाखू मळत होता. कुणाचा रोज कापला गेला नाही. पुढच्या शनिवारी त्यानं स्वतःहून सुरुवात केली.

मला ते फार आवडायचं. हे खरं आहे, म्हणून लिहितो. मीही माझे वाटे सांगायचो, पण लहान लहान: ड्रॉइंग उशिरा दिलं, ऑर्डर नीट वाचली नाही. पाहुणे आले की त्यांना मी ती परात दाखवायचो. "आमच्याकडं चूक लपवत नाहीत," हे वाक्य माझ्या तोंडी इतकं बसलं होतं, की ते आक्कांचं आहे हेही मी विसरलो होतो.

मग तो श्रावण आला. आठवडाभर भुरभुर चालली होती. पावडरच्या एका डब्याचं झाकण नीट बसलं नव्हतं आणि पावडरला ओल लागली. ओली पावडर नीट वितळत नाही, भागाच्या पोटात पोकळ्या राहतात. मी त्या सकाळी सोलापुरात एका गिऱ्हाइकाच्या ऑफिसात बसलो होतो. त्यांना पंपाचे पंखे ठरल्या दिवशी देतो म्हणून मी नुकताच शब्द दिला होता, समोर चहाही आला होता. तेवढ्यात आक्कांचा फोन.

"सर, चाळणीवर गोळ्या राह्यल्यात. पावडर वाळवून घेऊ. आजचा दिवस जाईल."

गिऱ्हाईक माझ्याकडं बघत होतं. मी म्हणालो, "आक्का, चालू करा. काही होत नाही. मी बघतो."

"सर, मला बरोबर वाटंना."

"मी सांगतोय ना. चालू करा."

त्यांनी मशीन चालू केली.

पंखे छान निघाले, वेळेवर गेले. त्यातला एक गिऱ्हाइकाकडं चाचणीतच फुटला. नशीब, समोर जाळी होती, कुणाला लागलं नाही. फुटलेले तुकडे परत आले आणि शनिवारी परातीत मांडले गेले. आक्कांनी त्यातला एक तळहातावर घेतला, फिरवला.

"आधी माझा वाटा सांगते. पावडर वलसर व्हती. मला दिसत व्हती. तरी मशीन म्या चालू केली."

एवढंच. मग झाकण कुणाकडून राहिलं, चाळणी कुणी केली, एकेक जण आपलं सांगत गेला. माझी पाळी आली. मी म्हणालो, "मी त्या दिवशी सोलापूरला होतो." आणि कप उचलला. आक्कांनी माझ्याकडं बघितलंही नाही. दुसऱ्याला कप भरून देत होत्या.

तिथंही मी वाचलो असतो. पुढचा शनिवार होता, त्याच्या पुढचाही होता. पण सोमवारीच गिऱ्हाइकाची दोन माणसं आली. मालकांच्या केबिनमध्ये आम्हाला बोलावलं. मालक वाईट नव्हते, घाबरलेले होते. ती ऑर्डर गेली असती तर मशीनचे हप्ते अवघड होते.

"पावडर ओली आहे हे दिसत असून मशीन कुणी चालू केली?" त्यांनी विचारलं.

"म्या केली," आक्का म्हणाल्या.

"कुणाला विचारलं होतं?"

आक्का थांबल्या. टेबलावर पाण्याचा ग्लास होता, त्याच्याकडं बघत राहिल्या. मी माझ्या चपलांकडं बघत होतो.

"मशीन म्या चालू केली, साहेब. तेवढं माझं."

मालक माझ्याकडं वळले. आणि मी म्हणालो, "त्यांनी शनिवारी सगळ्यांसमोर कबूल केलंय."

त्या वाक्यात खोटं काहीच नव्हतं. आजवर मी स्वतःला हेच सांगत आलो.

आक्कांना त्याच दिवशी घरी पाठवलं. त्यांनी हातमोजे धुऊन वाळत घातले, परात घासली आणि पिशवीत घातली, कारण ती त्यांच्या घरची होती. गेटपर्यंत मी गेलो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "बेंबळीची गाडी आहे का आता?" "हाय की," म्हणाल्या, "नसली तर बसंन जरा."

पुढच्या शनिवारी चहा आला. परात नव्हती. सगळे उभ्या उभ्या प्यायले आणि आपापल्या जागेवर गेले. महिन्याभरात बाभळीत पुन्हा भाग सापडायला लागले. काय झालं विचारलं, की उत्तर एकच, "माहीत न्हाय सर." मी नवी परात विकत आणून ठेवली. तिच्यात कुणीतरी नटबोल्ट ठेवायला लागलं.

तुमच्याही कामाच्या ठिकाणी अशी एखादी रिकामी जागा असेल. तिच्याभोवती सगळे वळसा घालून जातात आणि का ते कुणी बोलत नाही. मशीन चालू असताना काचेतून आत बघत उभा राहिलो की मला मागं कुणीतरी उभं असल्यासारखं वाटतं. मी वळत नाही. वळलो तर तिथं कुणी नसणार, हे मला माहीत आहे, आणि तेच मला नको असतं. शनिवारी दुपारी मी काहीतरी काम काढून गेटबाहेर जातो. घरी बायको कणकेचा गोळा तळहातावर फिरवते, तेवढ्यानंही मी उठून दुसऱ्या खोलीत जातो. तिला वाटतं, मला कामाचा ताण आहे.

एकदा बेंबळीला गेलो होतो. सांगायचंच असं ठरवून. आक्का अंगणात शेंगा वाळत घालत होत्या. हडकल्या होत्या. "या सर, लई दिसांनी," म्हणून त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितलं, आणि मग दत्ताची पोरगी कितवीला आहे, पक्याचं लग्न जमलं का, नवी मशीन कशी चालते, सगळं विचारलं. मध्ये एकदा त्या गप्प झाल्या आणि माझ्याकडं बघत राहिल्या, बराच वेळ. आता लिहिताना कळतंय, ती जागा त्यांनी माझ्यासाठी ठेवली होती. मी म्हणालो, "निघतो आता. उशीर होईल." त्यांनी मला शेंगांची पिशवी भरून दिली.

या उन्हाळ्यात आक्का गेल्या. पोटाचा आजार होता, सोलापूरला दवाखान्यात होत्या, मला कळलं ते सगळं उरकल्यावर.

गेल्या महिन्यात मालकांनी पुण्याहून एक ट्रेनर बोलावला. कामाच्या जागेची संस्कृती, असा विषय. चांगला तरुण होता, पडद्यावर चित्रं दाखवत होता. म्हणाला, "नव्या तंत्रात चूक उघड सांगता येणं हे सगळ्यात मोठं यंत्र आहे. इथं कुणी कधी अशी चूक सगळ्यांसमोर सांगितली आहे? हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. दत्ता खाली बघत होता. तो पोरगा हसून पुढचं चित्र लावणार, तेवढ्यात मी उभा राहिलो. कसा उभा राहिलो ते मला सांगता येणार नाही.

मी सांगितलं. सोलापूर, फोन, "मी सांगतोय ना, चालू करा." केबिनमधलं वाक्य. मालक समोरच बसले होते.

माझी अपेक्षा होती की कुणीतरी चिडेल. मला ते हवं होतं. कुणी हललंसुद्धा नाही. ट्रेनरनं चहाची सुट्टी दिली. मी पत्र्याखाली जाऊन उभा राहिलो. मागनं दत्ता आला, दोन कप घेऊन.

"आमाला ठावं व्हतं, सर," तो म्हणाला.

"कसं?"

"आक्कांच्या हातात मोजं व्हतं. फोन स्पीकरवर टाकलेला. पाळीवर असलेल्या समद्यांनी ऐकलं तुमचं."

मी हातातला कप कठड्यावर ठेवला.

"मग कुणी बोललं का नाही?"

"आमी निघालो व्हतो की मालकांकडं. आक्कांनीच आडवलं. म्हनल्या, त्यो सरांचा वाटा हाय, तेच सांगतील. थांबा जरा." दत्तानं चहाचा घोट घेतला. "बाजारात भेटायच्या तवा इचारायच्या, सर बोलले का? म्या म्हनायचो न्हाय. बरं, म्हनायच्या. मग मेथी काय भाव इचारायच्या."

आतून ट्रेनरनं सगळ्यांना हाक मारली. दत्ता जागचा हलला नाही.

"एक सांगायचं हाय, सर. म्या दवाखान्यात गेल्तो, शेवटी. बोलाया येत नव्हतं त्यास्नी नीट. तरी तेच इचारलं. म्या खोटं बोललो. म्हनलं, व्हय आक्का, बोलले सर, समद्यांफुडं बोलले."

"काय म्हणाल्या?"

दत्ता कपातल्या चहाकडं बघत होता.

"सुनेकडं मान वळवली आन् म्हनल्या, बग, म्या सांगत न्हवते?"