बरोबरीचं गाऱ्हाणं

लवू घाडीगावकरला एखाद्या लग्नात कोणी विचारलं, "तुम्ही काय करता?" तर तो छाती काढून सांगतो, "फुटबॉलमध्ये आहे." समोरचा माणूस मग त्याच्या बासष्ट वर्षांच्या पोटाकडे बघतो आणि हातातली जिलेबी संपवून दुसरीकडे सरकतो. पण लवू खोटं बोलत नाही. अंधेरीच्या मैदानावर फक्की तोच मारतो. टीव्हीवर त्या पांढऱ्या रेषा दिसतात ना, त्या लवूच्या. दोन चाकांची फक्कीची गाडी ढकलत तो निघाला की त्याला दोरीसुद्धा लागत नाही, असं तो सांगतो. लागते. मी पाहिली आहे.

उद्यान खात्यातून निवृत्त झाल्यावर साष्टी एफसीनं त्याला ठेवून घेतलं. साष्टी म्हणजे आपल्या उपनगराचा संघ, देशाच्या मोठ्या लीगमध्ये खेळणारा. लीगमध्ये बारा संघ, प्रत्येकाशी दोनदा गाठ, आणि एप्रिलअखेर जो तळाला राहील तो खालच्या लीगमध्ये जाणार. शिवाय मधूनमधून कपाचे सामने, त्यात हरला तो थेट घरी.

लवूच्या घरात त्या वर्षी आणखी एक स्पर्धा चालू होती आणि तिचा साक्षीदार मी आहे, कारण ती शेजारी माझ्याच घरी, माझ्याच चहावर सुरू झाली. त्याची बायको विमला म्हणाली, "पिंगुळीचा घर बांधून चार वर्सां झाली. थय उंदीर ऱ्हवतत आणि आपण हय दीड खोलीत. माका गावाक जावचा आसा."

"एकच वरीस थांब गे."

"गेल्या वर्साय एकच व्हता."

शेवटी तह झाला. साष्टी मोठ्या लीगमध्ये टिकली तर लवूनं खुशाल रेघा माराव्यात. खाली गेली तर मे महिन्यात पिंगुळीसाठी बिऱ्हाड कुडाळच्या गाडीत, आणि फक्कीचं नाव काढायचं नाही. लवूनं लगेच होकार दिला. गेल्या वर्षी संघ चौथा आला होता, त्यामुळे गडी निर्धास्त. जाताना माझी दोन बिस्किटंही खिशात घातली.

ऑक्टोबरात पहिला सामना. क्लबला नारळ फोडायचा होता आणि बोलावलेले गुरुजी साकीनाक्याला अडकलेले. कोच मिनेझिस मडगावचा. तो लवूला म्हणाला, "तू मालवणी ना रे? गाऱ्हाणं घाल." गाऱ्हाणं म्हणजे काय हे गोव्याच्या माणसाला शिकवावं लागत नाही. लवूला तर अंगात आल्यासारखंच झालं. गावासाठी देवापुढं गाऱ्हाणं घालायचा मान असलेल्या घाडी घराण्याचा माणूस! फक्कीनं माखलेल्या हातात नारळ धरून तो कॉर्नरच्या झेंड्याजवळ उभा राहिला आणि वडिलांनी शिकवलेलं गाऱ्हाणं खड्या आवाजात सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! बारा वाटेच्या, हद्दीच्या, मर्यादेच्या म्हाराजा! आज ही तुझी लेकरां हयसर जमली हत, त्येंका सांभाळ म्हाराजा!"

स्टँडमध्ये निम्मे कोकणातले. त्यांना सांगावं लागतं का? "व्हय म्हाराजा!"

"हयसर जमलेल्या लेकरांपैकी कोणाक हार जावक देव नको म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सामना दोन-दोन असा बरोबरीत सुटला. पण गाऱ्हाणं इतकं झकास रंगलं की लोकांना पुन्हा हवं होतं. दुसरा सामना, पुन्हा गाऱ्हाणं, शून्य-शून्य. तिसरा, एक-एक. साष्टीचा मिझोरामचा गोलकीपर तोवर "व्हय म्हाराजा" इतकं खणखणीत म्हणायला लागला होता की त्याची सोयरीक सावंतवाडीत जुळवावी असं मला वाटायला लागलं. डिसेंबर संपता संपता घरच्या मैदानावर सात सामने झाले आणि सातही बरोबरीत. बाहेरगावी मात्र साष्टी मनसोक्त हरत होती, त्यामुळे तक्त्यात ती पार तळाशी जाऊन बसली.

विमला प्रत्येक सामन्याला यायची. नवऱ्याचा डबा घेऊन, आणि बसायची पाहुण्या संघाच्या स्टँडमध्ये. "थय सावली आसता," असं तिचं म्हणणं. सावली असते हे खरं, पण बंगळुरूच्या पोरांना मालवणी खाजं वाटून त्यांच्याबरोबर टाळ्या पिटायला सावली कशाला लागते? गुणतक्ता तिला तोंडपाठ. कोणाचे गोल किती, फरक किती, सगळं. मी एकदा म्हटलं, "वहिनी, तुम्हीही देवाला साकडं घातलंय की काय?" तर म्हणाली, "देवाक कित्याक त्रास? माझा काम साष्टीचेच बचावपटू करतत."

आता धम्मपाल ओव्हाळ. हा लवूचा जानी दोस्त, मैदानावरचा धावफलक चालवतो. फुटबॉलमध्ये धाव नसते हे त्याला पन्नास वेळा सांगितलं, तरी तो धावफलकच म्हणतो. वॉर्ड ऑफिसात तीस वर्षं हेडक्लार्क होता. माणूस बौद्ध, देव मानत नाही, आणि गाऱ्हाण्याच्या वेळी तोंड मिटून, हाताची घडी घालून उभा राहतो. पण कागद समोर आला की त्याचे डोळे चकाकतात. आठवी बरोबरी झाल्यावर त्यानं लवूला चहाच्या टपरीवर धरलं.

"काय म्हणतोस तू? शब्दन्‌शब्द सांग."

लवूनं सांगितलं.

"परत सांग. 'हयसर जमलेल्या लेकरांपैकी कोणाक'?"

"व्हय."

"अरे येड्या, समोरचा संघ काय आभाळात जमलेला असतो? तोपण हयसरच जमलाय ना! दोघांपैकी कोणालाच हरू देऊ नको म्हटल्यावर बरोबरीच होणार. तुझा अर्ज तंतोतंत मंजूर होतोय रे! मसुद्यातच घोळ आहे!"

"तू देव मानत नायस ना?"

"देव नाही मानत. मसुदा मानतो."

दुसऱ्या दिवशी धम्मपालनं सुधारित मसुदा आणला. 'उपरोक्त विषयास अनुसरून, सदर सामन्यात फक्त यजमान संघास विजय मिळणेबाबत.' लवूनं तो वाचला आणि घडी करून परत दिला. त्याचे वडील गिरणीच्या गेटवर दसऱ्याला हेच गाऱ्हाणं घालायचे. तिथं साच्यावरचा, ब्लीचिंगमधला, मुकादम, सगळे उभे असत आणि म्हातारा सगळ्यांसाठी मागायचा. गाऱ्हाण्यात एकाचं नाव घेऊन दुसऱ्याला वगळायचं नाही, हे त्यानं लवूला कान पिळून शिकवलेलं. गिरणी गेली तेव्हाही म्हातारा म्हणाला होता, जिंकलो नाय, पण हरलोय नाय. लवू एवढं बोलला आणि चहाचा कप उगाच दोनदा विसळला.

शिवाय कप होता ना! कपात बरोबरी झाली की पेनल्टी, कागदोपत्री सामना मात्र बरोबरीतच, आणि पेनल्टीत तो मिझोरामचा गोलकीपर वाघ. कपाचे तीन सामने अंधेरीत झाले, तिन्ही बरोबरीत, तिन्ही पेनल्टीवर साष्टीनं मारले. लीगमध्ये तळाला आणि कपात थेट अंतिम फेरीत! पेपरवाल्यांना कारण सापडेना. अंतिम सामना कोलकात्याला होता. लवू तिकडे गेला नाही, आणि साष्टी तीन गोलांनी आपटली.

"हद्दीबाहेर," धम्मपाल म्हणाला. "आपल्या वॉर्डात येत नाही ते."

मग उजाडला एप्रिलातला शेवटचा रविवार. सामना अंधेरीत, समोर शिलाँगचा संघ. हिशेब असा की साष्टी जिंकली तर वर, शिलाँग खाली. बरोबरी झाली तरी साष्टीच खाली. विमलानं आदल्या आठवड्यात दोन ट्रंका पुसून ठेवल्या होत्या आणि शेजारी तुळशीचं रोप द्यायची बोलणीही केली होती. मलाच देणार होती. मी कुंडीची जागाही बघून ठेवली होती, आता लपवून काय करू?

लवूचं जेवण तुटलं. शब्द बदलवत नव्हते आणि तेच शब्द म्हटले तर बरोबरी ठरलेली. शनिवारी धम्मपाल टपरीवर आला तो नाचतच.

"लव्या, शब्द बदलू नकोस. वेळ बदल!"

"म्हणजे?"

"'हयसर जमलेल्या' म्हणजे कोण? त्या घटकेला जे हजर ते! शिलाँगवाले पवईच्या हॉटेलात उतरलेत. सामना चारला, त्यांची बस येणार अडीचला. तू दोनलाच गाऱ्हाणं घालून मोकळा हो. आपली पोरं एकपासून आत आहेत. वगळलं कोणाला? कोणालाच नाही. हजेरीपटावर नव्हते, आपण काय करणार?"

लवू म्हणाला, "संध्याकाळी शिलाँगवाल्यांसाठी वेगळा नारळ फोडीन."

"फोड की. स्वतंत्र अर्ज, स्वतंत्र क्रमांक."

धम्मपाल ही युक्ती गुप्त ठेवणार होता. म्हणजे रविवारी सकाळपर्यंत ती फक्त टपरीवाल्याला, दोन रिक्षावाल्यांना, मला आणि आमच्या बिल्डिंगच्या तीन मजल्यांना माहीत होती.

दोन वाजता ऊन रणरणत होतं. प्रेक्षकांची गेटं उघडली नव्हती. साष्टीची पोरं आत कपडे बदलण्याच्या खोलीत मिनेझिसचं भाषण ऐकत होती. कॉर्नरच्या झेंड्याजवळ लवू, त्याच्या मागे धम्मपाल आणि सावलीला मी. अशा गोष्टी ऐकीव सांगायला मला आवडत नाही. आणि दाराशी, डबा घेऊन, विमला. एरवी ती साडेतीनला यायची.

लवूनं तिच्याकडे पाहिलं. तिनं डबा खाली ठेवला. 

"बा देवा म्हाराजा! हयसर जमलेल्या लेकरांपैकी कोणाक हार जावक देव नको म्हाराजा!"

आणि शांतता. ही भानगड कोणाच्या डोक्यातच आली नव्हती. गाऱ्हाण्याला "व्हय म्हाराजा" म्हणणारं कोणीतरी लागतं, नाहीतर ते पोचत नाही! धम्मपाल हाताची घडी घालून आकाशाकडे बघायला लागला. त्याचं तत्त्व. मी तोंड उघडलं, पण मी पडलो कऱ्हाडचा, माझा "व्हय" मालवणी देवाला चालेल की नाही या शंकेत अडकलो. लवूनं नारळ आणखी उंच धरला. बाहेर रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला.

"व्हय म्हाराजा!"

विमला. पदर खोचून, दोन्ही हात जोडून, स्टँड भरलं असतं तरी ऐकू गेलं असतं इतक्या जोरात. लवूनं नारळ आपटला आणि तेवढ्यात शिलाँगची बस, अर्धा तास लवकरच, गेटातून आत शिरली.

सामन्याचं काय सांगू? सत्त्याऐंशीव्या मिनिटापर्यंत शून्य-शून्य. धम्मपालनं बोर्डावर शून्यच कोरून ठेवलं असावं. मग कॉर्नर आला, गर्दीत कोणाचं तरी डोकं लागलं, चेंडू शिलाँगच्याच बचावपटूच्या ढुंगणावर आपटून, लवूनं मारलेल्या रेघेवरून घरंगळत आत गेला. असला गोल मी जन्मात पाहिला नाही. साष्टी वाचली. मिनेझिसनं लवूला उचलायचा प्रयत्न केला आणि कंबर धरून बसला.

लवू धापा टाकत पाहुण्यांच्या स्टँडपाशी गेला. विमला रडणाऱ्या शिलाँगच्या पोरांना खाजं देत होती.

"गे, तू 'व्हय' कित्याक म्हटलंस? हारलंस ना तू!"

"मी? मी कशी हारतलंय? दोन वाजता मी हयसर जमललंय मा? तूच सांगलंस म्हाराजाक, कोणाक हार जावक देव नको."

 विमलानं खाज्याची पिशवी गुंडाळली. "पुढचो हंगाम ऑक्टोबरात. तवसर पाच म्हयने पिंगुळी. ऑक्टोबरात रेघो मारूक येवया हय."

लवूनं मदतीसाठी धम्मपालकडे पाहिलं. धम्मपालनं चष्मा पुसला आणि म्हणाला, "मसुद्यात बसतंय बाबा."

त्या संध्याकाळी लवूनं शिलाँगसाठी दुसरा नारळ फोडला, त्यांना पुढच्या वर्षी परत वर आण म्हणून. "व्हय" विमलानं म्हटलं आणि तिच्या मागून शिलाँगच्या चार पोरांनी. मे महिन्यात दोघं पिंगुळीला गेली. तुळस मला पाच महिन्यांसाठी सांभाळायला मिळाली आहे, पाणी कधी घालायचं याच्या लेखी सूचनांसकट. सूचना धम्मपालनं लिहून दिल्या आहेत, त्यामुळे त्या दोन पानी आहेत.