कारळ्याच्या चटणीची डबी

फोन आला तेव्हा मी वॉटफर्डच्या सुपरमार्केटमध्ये एक लांबडा पाव कानाला लावून उभा होतो. शेजारच्या बाईंनी ट्रॉली हळूच लांब नेली. आणि दुसऱ्या कानाला मुकुंदाच्या बायकोचा, नीलावहिनींचा आवाज आला, "भाऊजी, हे गेले…" सहा आठवडे झाले. तो पाव मी कुठे ठेवला, ते अजूनही आठवत नाही.

पाव कानाला लावायला मला मुकुंदानेच शिकवलं. माझा वीस वर्षांपासूनचा दोस्त, स्टॅनमोरचा मितभाषी इंजिनियर. दर मे महिन्यात बँक हॉलिडेला आम्ही दोघं त्याच्या गाडीने डोव्हरहून फ्रान्सची फेरीबोट पकडायचो आणि रस्ता नेईल तिकडे जायचो. मला कॅथीड्रल बघायचं असायचं, त्याला कॅथीड्रलच्या मागच्या गल्लीतली बेकरी. पहिल्याच वर्षी फ्रान्समधल्या एका गावात सकाळी सातला त्याने भट्टीतून नुकताच निघालेला पाव माझ्या कानाशी धरला. "ऐक. बोलतोय." खरंच, कवच थंड होताना बारीक तडतडत होतं. मग त्याने पाव मोडला, वाफ निघाली, त्यावर लोणी फासलं आणि खिशातून फिरकीच्या झाकणाची स्टीलची डबी काढली. झाकणावर दोन टिचक्या मारून उघडली. आत कारळ्याची चटणी, त्याने स्वतः खलबत्त्यात कुटलेली! काळीभोर भुकटी बघून बेकरीवाल्या बाई बाहेर धावल्या. आपल्या पावावर कोणी माती टाकतंय असंच त्यांना वाटलं असणार. मुकुंदाने शांतपणे एक तुकडा त्यांच्याही हातावर ठेवला. बाईंनी चावला, डोळे मिटले, आत गेल्या आणि दोन गरम बन घेऊन परत आल्या. बेल्जियममधल्या गेंटच्या चौकात तळलेल्या बटाट्यांच्या गाडीवरही तेच. मेयॉनीज बाजूला सारून त्याने चटणी भुरभुरवली, तर रांगेतली दोन पोरं कागदी कोन पुढे करून उभी! डबी नेहमी मधोमध, उघडी. ज्याला हवी त्याने घ्यावी.

असा ऐवज हाती लागल्यावर माझ्यासारखा माणूस गप्प बसेल? इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत मी स्टेजवर 'मुकुंदरावांची युरोपस्वारी' सादर केली. एका हाताने डबी काढायची, डावीकडे बघायचं, उजवीकडे बघायचं, चोरासारखं झाकण उघडायचं आणि पदार्थावर पटकन भुरभुरवून डबी लपवायची. हॉल हसून हसून कोसळला. पहिल्या रांगेत मुकुंदही हसत होता. लोकांनी वन्समोअर दिला, मी घेतला. पुढच्या वर्षीही केलं, त्याच्या पुढच्या वर्षीही.

स्टेजवरच्या त्या पहिल्या प्रयोगानंतरच्या मे महिन्यात गेंटला त्याच गाडीशी मी कोन धरून वाट बघत होतो. मुकुंद निमूटपणे मेयॉनीजमध्ये बटाटा बुडवत होता.

"अरे, डबी?"

"राहिली रे घरी."

मग दर वर्षी ती राहतच गेली. मी एकदा म्हणालोसुद्धा, "मुकुंदा, सुधारलास हं!" तो हसला. मला पाव अळणी लागायचा, पण ते त्याला सांगायचं राहून गेलं.

गेल्या रविवारी वहिनींकडे पाव घेऊन गेलो. त्यांनी टेबलावर डबी आणून ठेवली. "ह्यांच्या प्रवासाच्या जॅकेटमध्ये होती."

"घरी राहायची म्हणे."

"छे हो. दर वेळी कुटून, भरून न्यायचे. आणि तशीच भरलेली परत आणायचे… मी विचारायची, तर म्हणायचे, अगं, लोक बघतात."

पन्नास माणसं हसवणारा मी, डबी उचलून तिचं झाकण पुसत बसलो. मग वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही स्टेजवर करायचात ना, तसं एकदा करून दाखवा. मला बघायचंय ह्यांना."

उठलो. डबी खिशात घातली, काढली, झाकणावर दोन टिचक्या मारल्या. मान सवयीने डावीकडे वळायला लागली… ती मी तशीच थांबवली. डबी उघडून टेबलाच्या मधोमध ठेवली. पाव मोडला, लोणी लावलं, चटणी भुरभुरवली आणि पहिला तुकडा वहिनींच्या हातावर ठेवला.

"असं नव्हतं स्टेजवर," वहिनी म्हणाल्या.

"नव्हतं. तो असं करायचा."

चटणीला खवट वास येत होता. आम्ही दोघांनी ती खाल्ली. डबी उघडीच होती.