हडपसरचा कोरडा तांब्या

अख्ख्या राज्यातल्या शहरांचे रस्ते तपासायचं काम आमच्या कचेरीला मिळालं, तेव्हा आयटीवाल्यांच्या कृपेने पुण्यात रोज सकाळी एक नवा रस्ता उगवायचा. मोजायची यंत्रं येणार होती. ती अजून येतायत. तोवर आमचं यंत्र म्हणजे तांब्या. जीपमध्ये बसून मांडीवर काठोकाठ भरलेला तांब्या धरायचा आणि किती सांडतं ते पाहून रस्त्याला शेरा द्यायचा. धायरीत माझी अंघोळ व्हायची, येरवड्यात कपडेही धुऊन निघायचे. मांडी कोरडी राहिली तर शेरा ‘उत्तम’. तो लिहायची वेळ कधी आलीच नव्हती.

हडपसरला आयटी पार्कसमोर नवाकोरा डांबरी रस्ता लागला. जीप लोण्यावरून गेल्यासारखी गेली. मांडी कोरडी. आणि तांब्यात पाहतो तर तांब्याही कोरडा.

“तहान लागली होती तर सांगायचंत, थांबलो असतो,” ड्रायव्हर म्हणाला.

पुन्हा भरला, पुन्हा त्याच जागेवरून गेलो, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला तांब्या त्याने धरला, जीप मी चालवली. त्यानंतर दिवसभर त्याने टोमणा म्हणून मारला नाही.

कडेला एक म्हातारा हे सगळं बघत होता. तिथल्याच जुन्या वस्तीतला. तो जवळ आला.

“खाली इहीर हाय, साहेब. राडारोडा टाकून बुजवली, पर भरली न्हाई. कागदावर तेवढं लिवा. माझी लेक रोज हितंच कंपनीच्या बसला उभी ऱ्हाती.”

कागदावर भेगांचा रकाना होता, खड्ड्यांचा होता. विहिरीचा नव्हता. मांडी तर कोरडी होती. मी ‘उत्तम’ लिहिलं.

दुसऱ्या दिवसापासून म्हातारा रोज सकाळी काठी घेऊन नेमका त्या जागेवर उभा राहू लागला. लेकीला आणि बसच्या बाकी माणसांना पलीकडे हाकलायचा. वेडा झालाय, असं लोक म्हणायचे. श्रावणात एका सकाळी रस्ता खचला. विहिरीएवढा, गोल. लेक पलीकडे बसमध्ये चढत होती. जागेवर तो एकटाच होता.

रस्ता नव्याने झाला आणि तपासायला पुन्हा मलाच पाठवलं. या वेळी मी ‘खाली विहीर आहे’ असं ठळक लिहिलं. असा रकाना नाही म्हणून साहेबांनी ते खोडलं.

माझ्या गोष्टी निम्म्या करून ऐकाव्यात, हे मीच सगळ्यांना सांगतो. ही मात्र करू नका. दर श्रावणात मी तांब्या भरून तिथे जातो. रस्त्याला चांगला उतार आहे. ओतलेलं पाणी उताराने वाहत नाही.