गोड न चाखणारा आचारी

बातमी आली तेव्हा मी परभणीत, शाळेत शिकवत होते. मामेभावाचा फोन. "अक्का, आबा गेले," एवढंच म्हणाला. दुपारी बाजेवर आडवे झालेले मामा उठलेच नव्हते... आज पाच आठवडे झाले. रडायला बसते आणि त्यांचा उत्साह आठवून बोलत सुटते, अशी माझी गत आहे. म्हणून लिहायलाच बसले.

माझे मामा ताडकळसचे, लग्नाचे आचारी. त्यांच्या हातची बुंदी खायला लोक दोन गावं ओलांडून येत. सहा वर्षांपूर्वी पायाच्या अंगठ्याला चुलीचा चटका बसला आणि जखम महिना झाला तरी भरेना. मीच त्यांना परभणीच्या दवाखान्यात नेलं. साखर इतकी वाढलेली, की डॉक्टरांनी आकडा दोनदा तपासून घेतला. दिवसभरात काय खाता, असं विचारल्यावर मामा म्हणाले, "खात कुठं साहेब, नुसतं चाखतो." डॉक्टरांनी एका लग्नातलं चाखणं वाटीच्या अंदाजानं मोजायला सांगितलं. वाटीभर पाक आणि दोन मुठी बुंदी निघाली! औषध, जेवण आणि पायाची काळजी यात हयगय केली तर अंगठा जाईल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.  घर आल्यावर मामा म्हणाले, "अंगठ्याचं काय न्हाई गं. चाखता येत न्हाई, तो आचारी कशाचा?"

कढया विकायच्या म्हणून गिऱ्हाईकही पाहिलं होतं. पण मी साखर तपासायचं यंत्र दिलं, आणि माणूस पुन्हा स्वयंपाकघरात शिरला. आज भात, उद्या भाकरी, परवा आधी पालेभाजी आणि मग भाकरी... दोन तासांनी बोट टोचायचं आणि मला फोन. ज्वारीची भाकरी कितीही खाल्ली तरी चालते, ही त्यांची खात्री तिसऱ्या भाकरीनं मोडली, तेव्हा नवा पदार्थ जमल्यासारखे ते हसले होते. अंबाडी, शेपू, मेथी, हरभऱ्याची डाळ यांचे इतके प्रकार त्यांनी काढले, की मामी म्हणायच्या, मला चाळीस वर्षांत एवढं रांधून घातलं न्हाई. जखम भरली. गोळ्या चालूच राहिल्या, त्यांनी त्या कधी चुकवल्या नाहीत.

राहिला प्रश्न पाकाचा. मानवतच्या एका लग्नात त्यांनी तोडगा काढला आणि मामींनाच भट्टीजवळ आणून उभं केलं. तोवर तिथं फक्त पुरुषच असायचे. मुलीच्या वडिलांचा चेहरा उतरला, बिघडलं तर जिम्मा कुणाचा, असं त्यांनी विचारलं. मामा म्हणाले, माझा. मामींनी पाकाचा थेंब जिभेवर ठेवला, थोडा वेळ डोळे मिटले.

"कच्चा हाय. अन् वेलदोडा लय झालाय."

"तार बघितली ना म्या," मामा म्हणाले.

"तार तुमी बघा. चव मी सांगते."

मी तिथंच होते. मामांनी पाक पुन्हा भट्टीवर चढवला आणि वेलदोड्याचा उग्रपणा मोडायला थोडा साधा पाक त्यात मिसळला. त्या दिवशीची बुंदी मुलीच्या वडिलांनी तीनदा मागून घेतली. पुढं लोक सुपारी द्यायला आले, की आधी विचारायचे, बाई येणार ना?

मग मामेभावाचं लग्न आलं. मामांनी भाकरी, पालेभाजी, डाळ आणि ताक अशी वेगळी पंगत मांडली. लग्नात भाकरी वाढता, म्हणून भावकी रुसली. पण एक म्हातारे गुरुजी उठून तिथं जाऊन बसले. मग एक बाई. मग चौघं, दहा जण... गावात इतक्यांना साखर आहे, हे आम्हाला त्या पंगतीत कळलं! मामा भाकऱ्या वाढत अक्षरशः पळत होते.

गेल्या आठवड्यात मामींनी गंगाखेडचं लग्न घेतलं. मीही गेले. पाहुण्यांपैकी कुणीतरी मुख्य आचारी कुठाय म्हणून विचारलं, तर पदराला हात पुसत मामी म्हणाल्या, "मीच हाय. बोला."

पंगती उठल्या, आम्ही दोघी जेवलो. हात धुऊन मामी मांडवामागच्या रस्त्यावर चालायला निघाल्या. जेवण झालं की पाव तास चालायचं, हा त्या दोघांचा नेम होता. मी मागून बघत होते. रस्ता मोकळा होता, तरी त्या अगदी कडेनं चालल्या होत्या, डाव्या हाताला एका माणसाची जागा सोडून... मी भरभर पाय उचलले आणि त्या जागेत जाऊन त्यांच्यासोबत चालू लागले.