अशोकचा डबा आणि माझ्या लेकीचं लग्न

भावजयीचा, सुमनचा फोन आला. “ताई, हे गेले...” एवढंच ती बोलू शकली. आणि माझ्या तोंडून काय निघावं? “मासे कोण बघतंय?” सख्खी बहीण असं विचारते का? पण माझ्या धाकट्या भावानं, अशोकनं, आम्हा सगळ्यांना असंच करून ठेवलं होतं.

नाशिकला सिडकोत दोन खोल्यांचं घर, त्यातली एक माशांची. गप्पी कुणीही वाढवतं. ह्याला हवी कॅटफिशची पिल्लं! मिशीवाले, तळ हुंगत फिरणारे ते बोटभर मासे काचेला अंडी चिकटवणार आणि स्वतःच खाणार. म्हणून हा अंडी हलक्या बोटानं सोडवून डब्यात ठेवणार, नळीनं हवा सोडणार. वीज गेली की पंप बंद, अंड्यांवर बुरशी, आणि ह्याचं जेवण बंद. सुमन वैतागून म्हणायची, “स्वतःची पोरं तापानं फणफणली तरी इतकं तोंड नाही हो उतरत ह्यांचं!”

माझ्या मोठीचं लग्न आमच्या चांदवडला होतं. नवरीला मांडवात मामानं आणायचं, आणि मुहूर्त तोंडावर आला तरी मामाचा पत्ता नाही. वरपक्ष घड्याळं बघायला लागला. शेवटी हे महाशय एसटीतून उतरले, छातीशी प्लास्टिकचा डबा धरून.

“आजच फुटतील गं. घरी लाइटचा काय भरवसा?”

“अरे, लाज आहे का काही? लग्न आहे पोरीचं!”

आमच्याकडे मंगलाष्टकांच्या वेळी नवरीची आई मांडवात थांबत नाही, तुळशीला पाणी घालत बसते. त्यानं डबा आणि नळी माझ्याच हातात कोंबली. “तू नाहीतरी इथंच बसणार. हळू फुंकत राहा, थांबू नको.” आणि भाचीला घेऊन गेलासुद्धा.

शालू नेसून मी तुळशीपाशी नळी फुंकत बसले. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मांडवात अंतरपाट धरला, लेक चालली म्हणून रडू आलं, की फुंकर अडायची आणि अंडी तळाशी बसायची. मग हुंदका गिळायचा आणि पुन्हा फुंकायचं. वाजंत्री सुरू झाली तेव्हा एका अंड्यातून केसाएवढी शेपटी वळवळली... अशोक धावत आला. “फुटली?” मी त्याच्या पाठीत धपाटा घातला.

पुढे कितीतरी वर्षांनी विचारलं, “मी रडू नये म्हणून दिला होतास का रे तो डबा?”

“छे गं! दुसरं मोकळं कोण होतं?”

परवा त्याच्या खोलीत बसले होते. सुमननं पंप चालू ठेवलाय. मासे तळ हुंगत होते, काचेवर एकही अंडं नव्हतं. या वेळी माझ्या हातात काही न देताच गेला. मग मी रडले, पोटभर.